जिन्यातल्या बाईंची सही

३ फेब्रुवारी

ती. मामांस,

नमस्कार. पत्र लिहायला कारण लागतं असं तुम्ही म्हणता, म्हणून यावेळी कारण घेऊनच बसले आहे.

आमच्या शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळं रुग्णालय 'मोठ्या बाई' म्हणतं, त्यांना या महिनाअखेरीस विभाग सांभाळायला लागून पंचवीस वर्षं होतील. मार्चच्या दोन तारखेला व्याख्यानाच्या सभागृहात छोटा समारंभ ठेवला आहे. भेट काय द्यायची यावर आमचा खल चालला आहे आणि निष्पन्न शून्य. भूलतज्ज्ञांनी भिंतीवरचं घड्याळ सुचवलं. बाई घड्याळाकडे बघत नाहीत, घड्याळच बाईंकडे बघून चालतं, असं सिस्टर म्हणाल्या आणि तो विषय मिटला. मग कोणीतरी आरामखुर्ची सुचवली. कल्पना सगळ्यांना पटली, पण ती खुर्ची बाईंसमोर नेऊन ठेवायला कोणी तयार नाही.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. तुमच्या संग्रहात जिन्यातल्या बाईंचे कागद आहेत ना? हे नाव तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्याकडे शस्त्रक्रिया विभाग ज्यांनी सुरू केला, त्या पहिल्या बाईंची तसबीर जिन्याच्या वळणावर आहे. तिच्यासमोरून जाताना रेंगाळणाऱ्याची पावलं आपोआप उचलली जातात. म्हणून त्या जिन्यातल्या बाई. लहानपणी तुम्ही मला त्यांची सही दाखवली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं म्हणून मला ते बोट साबणाने धुवायला लावलं होतंत. हात धुण्याचा माझा धंदा बहुधा तिथूनच सुरू झाला.

एक कागद मोठ्या बाईंसाठी द्याल का? मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे. विभाग किंमत द्यायला तयार आहे, हे वाक्य मी फक्त निरोप म्हणून लिहिते आहे.

मामींना नमस्कार.

तुमची,
ठकी

९ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग थोडी कानउघाडणी. किमतीचे ते वाक्य निरोप म्हणूनही लिहायचे नव्हते. मुद्रितशोधक म्हणून मी आयुष्यभर इतरांच्या मजकुरातील चुका काढून पोट भरले. संग्रह मात्र पोटासाठी केला नाही. त्यातील कागद मी विकत नाही, देतो. आणि देतो तोही ज्याचा त्याला.

म्हणजे काय, ते सांगतो. आमच्या शिंप्याला त्याच्या दुकानाच्या वाढदिवशी मी एका गाजलेल्या नटाचे पत्र दिले. त्यात त्या नटाने आपल्या शिंप्याला सुनावले आहे की, 'बाह्या आपण अशा शिवल्या आहेत की शत्रूला शरण जाण्याच्या प्रवेशात माझे हात खांद्यांच्या वर जात नाहीत, आणि प्रेक्षकांना मी अजून लढतो आहे असे वाटते.' शिंप्याने ते पत्र दुकानात लावले. बाह्यांची तक्रार घेऊन येणाऱ्याला तो आधी ते वाचायला लावतो. अर्धी गिऱ्हाइके हसत परत जातात. तुझ्या लग्नात तुम्हा उभयतांना मी एका पूल बांधणाऱ्या अभियंत्याने पत्नीला लिहिलेली चिठ्ठी दिली, 'पूल वेळेवर पूर्ण झाला, मी मात्र वेळेवर येणार नाही.' तुमचे दोघांचे कामाचे तास पाहता त्याहून योग्य आहेर मला सुचला नसता.

भेट माणसाला शोभावी लागते, भिंतीला नव्हे. नुसती मोठ्या माणसाची सही पाहिजे असेल तर बाजारात मुबलक मिळतात, त्यांतील काही खऱ्याही असतात.

तेव्हा आधी तुझ्या बाई मला कळल्या पाहिजेत. कोणी पाहत नसताना त्या काय करतात? कशाचा अभिमान बाळगतात? आणि कागद हाती आल्यावर तो त्या वाचतील की नुसता टांगतील? उत्तरे पूर्ण वाक्यांत यावीत.

तुझ्या मामीचे म्हणणे असे की, एवढी चौकशी आम्ही तुझे स्थळ पाहतानाही केली नव्हती. मी तिला सांगितले की स्थळे अनेक असतात, असा कागद एकच असतो. त्यानंतर तिने मला चहा दिला, पण साखरेवाचून.

तुझा,
मामा

१४ फेब्रुवारी

ती. मामांस,

साखरेविना चहा प्यायलात हे बरंच झालं, डॉक्टर म्हणून सांगते. आता उत्तरं, पूर्ण वाक्यांत.

कोणी पाहत नसताना बाई गाठी मारतात. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम टाक्यांच्या दोऱ्याचा तुकडा असतो. सभेत बसल्या की तो खुर्चीच्या हाताला बांधत राहतात, एकाच हाताने, न बघता. सभा संपते तेव्हा खुर्चीला गाठींची रांग झालेली असते. सगळ्या सारख्या, सगळ्या घट्ट. आम्ही नवखे होतो तेव्हा आम्हाला पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर टाके घालायला लावायच्या. साल फाटली की म्हणायच्या, 'आता याची चटणी करा, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडेल.'

अभिमान त्यांना आपल्या हातांचा असेल असं सगळ्यांना वाटतं. मला वाटतं, तो त्यांच्या नोंदींचा आहे. प्रत्येक ऑपरेशनची नोंद त्या त्याच दिवशी स्वतः लिहितात. काय दिसलं, काय केलं, कुठे अडलं, सगळं पूर्ण वाक्यांत. आम्ही तुटक शब्द लिहून मध्ये बाण काढतो. पहिल्या वर्षी त्यांनी माझी नोंद परत केली होती आणि चारचौघांत विचारलं होतं, 'या बाणाच्या दिशेने गेलं की रुग्ण कुठे पोहोचतो?' तेव्हापासून मी बाण काढलेला नाही.

आणि कागद त्या वाचतील. आधी वाचतील, नंतर सही कोणाची आहे ते बघतील.

पुरे का एवढं? समारंभ जवळ आला आहे.

तुमची,
ठकी

२० फेब्रुवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद. पुरे, आणि पुरून उरले.

शस्त्रक्रियेची नोंद पूर्ण वाक्यांत लिहिणारी बाई आजच्या काळात हयात आहे, हे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि सरळ कपाटापाशी गेलो. जिन्यातल्या बाईंचे माझ्याकडे दोन कागद आहेत. एक त्यांच्या विद्यार्थिदशेतील अर्ज आहे. त्यावरची सही सुबक आहे, पण मजकूर कोणत्याही अर्जासारखा. दुसरा त्यांचा राजीनामा. हा माझ्या संग्रहातील सर्वांत सुंदर गद्याचा नमुना आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. त्यात एकही शब्द काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे. तुझ्या बाईंना हाच शोभेल. सोबत रजिस्टर पोस्टाने तोच पाठवत आहे. प्रवासात काही बरेवाईट झाले तर निदान शब्द राहावेत म्हणून मजकूर इथे उतरवतो.

'व्यवस्थापक मंडळास, उद्यापासून मी शस्त्र हाती घेणार नाही. माझा उजवा हात आता माझे पूर्वीसारखे ऐकत नाही, आणि ज्या हातावर माझा विश्वास नाही त्यावर रुग्णाने का ठेवावा? हे मला कोणी सुचवलेले नाही. कोणाला सुचवावे लागू नये म्हणूनच लिहीत आहे. शस्त्रक्रियागृहात मी रोज येईन. तिथे उभे राहायला हात लागत नाहीत.'

खाली पूर्ण सही. इतरत्र त्या केवळ आद्याक्षरे घालत, म्हणून संग्राहकाच्या दृष्टीनेही हा कागद दुर्मीळ आहे.

सूचना नीट वाच. हात कोरडे आणि स्वच्छ असावेत. कागदाला डिंक, चिकटपट्टी अथवा प्लास्टिकचे आवरण लावणाऱ्याशी मी संबंध ठेवत नाही. उन्हात टांगू नये. घडीवर घडी घालू नये.

समारंभात कागद वाचून दाखवायचा असेल तर स्वल्पविरामाशी थांबावे.

तुझा,
मामा

२४ फेब्रुवारी

मामा,

तुम्हाला कोणी सांगितलं?

मी पाकीट उघडलं, वाचलं, आणि पहिल्यांदा दाराची कडी लावली. माझ्या पत्रात मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. गाठींबद्दल लिहिलं ते खरं आहे, पण जुनं आहे. गेले काही महिने सभेत बाईंचा उजवा हात खिशातून बाहेर येत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, आणि कोणी बघितलं तर थंडी आहे म्हणतात. मागच्या महिन्यात एक शीर बांधताना गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा मी बांधली. रुग्ण ठणठणीत होऊन घरी गेला. त्या दिवशीची नोंद बाईंनी पूर्ण वाक्यांत लिहिली, पण 'गाठ बांधली' या वाक्याला कर्ता नव्हता.

भूलतज्ज्ञांना माहीत आहे, सिस्टरना माहीत आहे, मला माहीत आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, एवढाच प्रश्न आहे. मी माझ्यापुरता एक मार्ग काढला आहे. कामाची यादी मी लावते. नाजूक भाग येतो तेव्हा बाईंना शेजारच्या टेबलावरून बोलावणं येईल अशी व्यवस्था करते आणि तेवढं काम मी उरकते. आजवर निभावलं आहे.

आणि तुम्ही पाठवता राजीनामा! भर सभागृहात त्या हे उघडतील, आधी वाचतील, आणि मग माझ्याकडे बघतील. कारण तुम्हाला ठाऊक नसलेली आणखी एक गोष्ट आहे. बाई गेल्या की विभागप्रमुख मी होणार. हे ठरल्यासारखंच आहे. आता सांगा, त्यांना काय वाटेल? ज्या मुलीला टाके घालायला शिकवलं तिने जुन्या बाईंच्या तोंडून मला घरी जायला सांगितलं, हेच ना?

मला हा कागद देता येणार नाही. कृपा करून तो विद्यार्थिदशेतला अर्ज पाठवा.

ठकी

२८ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आशीर्वाद. मला कोणी काही सांगितले नाही. तू उत्तम भाषेत माझ्यापासून सर्व लपवलेस आणि मी उत्तम भाषेवर भाळलो. तो कागद मी आजवर असंख्य वेळा वाचला, पण वाक्ये म्हणून. तो एका थरथरणाऱ्या हाताविषयी आहे, हे तुझ्या पत्रानंतर मला प्रथम जाणवले. वाक्य निर्दोष असले की मी त्याचा अर्थ विचारायला विसरतो. हा आमच्या व्यवसायाचा रोग आहे.

तरीही अर्ज पाठवत नाही.

समारंभात द्यायला तुम्ही ती आरामखुर्ची घ्या. मी पाठवलेला कागद सभागृहासाठी नव्हताच, हे आता मला कळले आहे. चारचौघांत दिलेली भेट घेणाऱ्याची राहत नाही, बघणाऱ्यांची होते. हा कागद एका माणसाने दुसऱ्याला बंद खोलीत द्यावा असा आहे.

तू लिहितेस, आजवर निभावले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मलाही ठाऊक आहे. पण मुठीत सुरी असेल तर मूठ उघडून पाहावी लागते. टेबलावर निजलेल्या माणसाला या व्यवस्थेची कल्पना असते का? शेजारच्या टेबलावर एखाद्या दिवशी खरोखरच बोलावणे नसेल, किंवा बाई जाणार नाहीत, तर काय करशील?

तुला लाभ होणार आहे म्हणून तू बोलू शकत नाहीस, असे तुला वाटते. ज्याला लाभ नाही तोही बोलत नाही, ते तू पाहतेच आहेस. मग राहिले कोण?

देणे जमणार नसेल तर कागद परत पाठव. मी तुला कमी लेखणार नाही असे लिहिणार होतो, पण ते खरे झाले नसते.

तुझा,
मामा

ता. क. (मामीच्या हातचा): ठके, हे बोलायला तिखट आहेत, पण या वेळी चुकलेले नाहीत. जेवूनखाऊन विचार कर. उपाशीपोटी केलेला विचार भित्रा असतो.

३ मार्च

ती. मामांस,

समारंभ पार पडला. खुर्ची दिली. बाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, पाठ दाबून बघितली आणि म्हणाल्या, 'मी या खुर्चीत बसेन अशी आशा ज्यांना आहे, त्यांनी तोवर उभं राहायची सवय ठेवावी.' सगळे हसले. मीही हसले. त्या हसल्या नाहीत.

कागद माझ्या कपाटात आहे. मला जमलं नाही. या आठवड्यात परत पाठवते.

उद्या सकाळी एक मोठं ऑपरेशन आहे. घाऊक बाजारात लिलाव पुकारणारी एक बाई आहे, गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीसाठी आली आहे. त्या गाठीला चिकटून आवाजाची नस जाते, दोऱ्याएवढी. नसेला धक्का लागला की आवाज गेला. ती मला म्हणाली, 'डॉक्टर, माझा आवाज चालतो तोवर माझं घर चालतं.' बाईंनी यादी स्वतः बघितली आणि सांगितलं की हे मी पहिल्यापासून शेवटपर्यंत करणार, मला मध्ये कोणीही कुठेही बोलवायचं नाही.

तुम्ही विचारलं होतंत, तसं झालं.

ठकी

१२ मार्च

चि. ठकीस,

आशीर्वाद. तुझे पत्र नाही आणि कागदही परत आलेला नाही. पत्र न येणे हेही एक पत्रच असते, पण ते मला वाचता येत नाही.

मामी दूरध्वनी कर म्हणते. मी म्हणतो, जे सांगायचे ते तिला सुचेल तेव्हा ती लिहील. त्यावर ती म्हणाली की मग खिडकीत उभे राहून टपालवाल्याची वाट पाहू नका, तो घाबरतो.

त्या लिलाववाल्या बाईचा आवाज कसा आहे, एवढे एका ओळीत कळव. पूर्ण वाक्य नसले तरी चालेल.

तुझा,
मामा

१६ मार्च

ती. मामांस,

आवाज आहे. आधी एवढंच.

आता सगळं सांगते. चार तारखेला सकाळी मी कपडे बदलायच्या खोलीत गेले तेव्हा बाई एकट्याच होत्या. खिडकीकडे तोंड करून उजव्या हाताची बोटं एक एक करून उघडत मिटत होत्या. मला बघून थांबल्या. त्या क्षणी त्या काही लागट बोलल्या असत्या तर मी कागद दिला नसता. पण त्या गप्प राहिल्या, आणि तसं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी कपाट उघडलं आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचलं. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. कागद थरथरत होता आणि दोष कागदाचा नव्हता. मग त्यांनी विचारलं,

'हे तू मागवलंस?'

'मी सही मागवली होती. हा राजीनामा मामांनी निवडला. द्यायचं मी ठरवलं.'

'मी गेले की खुर्ची तुझी. ठाऊक आहे ना?'

'ठाऊक आहे. म्हणून तर इतके दिवस दिलं नाही.'

त्यांनी कागद पाकिटात सरकवला, पाकीट आपल्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. म्हणाल्या, 'चल, हात धू.'

आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या नळांवर हात धुतले. आत गेल्यावर बाई टेबलाच्या उजव्या बाजूला, ऑपरेशन करणाऱ्याच्या जागी जातील म्हणून सगळे सरकून उभे होते. बाई वळसा घालून माझ्या खांद्यामागे येऊन थांबल्या. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या, भूलतज्ज्ञ आपल्या यंत्राकडे. तेव्हा बाई म्हणाल्या, 'असे काय बघताय? ही करणार आहे.'

नस दिसली तेव्हा माझा हात भराभर चालायला लागला. मागून आवाज आला, 'सावकाश. नसेला घाई नाही, तुला कशाला?' सबंध ऑपरेशनभर त्या तेवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्या रुग्णबाईला म्हटलं, काहीतरी बोला. तिने घसा खाकरला, माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप बघितला आणि त्याचा लिलाव पुकारला. पलीकडच्या खाटेवरून बोली आली, कोपऱ्यातून दुसरी आली, शेवटी सिस्टरनी येऊन लिलाव बंद पाडला. आवाज थोडा घोगरा आहे, पण बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेल.

हे बाईंना सांगायला मी धावत गेले तर खोलीला कुलूप. त्या रजेवर गेल्या आहेत. व्यवस्थापक मंडळाला त्यांनी एक बंद पाकीट दिलं आहे म्हणतात. मला निरोप नाही, चिठ्ठी नाही, फोन उचलत नाहीत. मामा, त्या रुग्णाचा आवाज वाचला आणि बाईंचा मला ऐकू येईनासा झाला. केलं ते बरोबर होतं हे मला कळतं. पण मला माझी बाई हवी होती.

ठकी

१९ मार्च

माननीय महोदय,

नमस्कार. आपला परिचय नाही, परंतु आपला कागद माझ्याकडे आहे, आणि तो मी परत करणार नाही. तो मला भेट मिळालेला आहे.

आपल्याशी माझा एक वाद आहे. आपली भाची सांगते की आपण हा राजीनामा म्हणून पाठवला. ज्याने आयुष्यभर मजकूर तपासला त्याने शेवटची दोन वाक्ये वाचलेली दिसत नाहीत. 'शस्त्रक्रियागृहात मी रोज येईन. तिथे उभे राहायला हात लागत नाहीत.' जो माणूस रोज येणार आहे त्याने राजीनामा दिला असे कसे म्हणता येईल? त्यांनी सुरी ठेवली, जागा सोडली नाही. मीही तेच केले आहे. मंडळाला तसे लिहून दिले. त्यांच्याहून चांगले लिहिण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. रजा घेतली ती हाताची तपासणी करून घेण्यासाठी. ती मी कित्येक महिने टाळत होते. हात बरा होण्यासारखा नाही. डोके शाबूत आहे असे तपासणाऱ्याचे म्हणणे आहे. माझ्या विभागातील लोकांचे मत वेगळे असू शकेल.

आपल्या भाचीविषयी. नाजूक भाग आला की मला शेजारून बोलावणे येते, हा योगायोग आहे असे मला वाटत असेल, अशी तिची समजूत होती. मी पहिल्याच खेपेला ओळखले होते. तरी जात राहिले, कारण तिचा हात माझ्यापेक्षा बरा होता आणि हे मोठ्याने म्हणण्याचे धैर्य आम्हा दोघींपैकी एकीलाही नव्हते. चार तारखेचे काम मात्र मी हट्टाने मागून घेतले. आता तरी कोणी अडवते का, हे मला पाहायचे होते. अडवले नसते तर मी ते केले असते, आणि त्या बाईचे काय झाले असते याचा विचार मी रोज करते.

मी तिच्यावर रागावले आहे असे तिला वाटते, असे सिस्टरकडून कळले. ते खरे आहे. राग कागद दिल्याचा नाही. इतक्या उशिरा दिल्याचा आहे.

सोमवारपासून मी परत येते. ती कापेल, मी मागे उभी राहून चुका काढीन. ती टाके गरजेपेक्षा घट्ट ओढते. हे तिला आपण सांगू नये. मला सांगायचे आहे.

आपली,
मोठी बाई
(या नावाने मला हाक मारतात, हे मला ठाऊक नाही असे त्या सर्वांना वाटते.)

२६ मार्च

चि. ठकीस,

आशीर्वाद. एव्हाना सोमवार होऊन गेला आहे, तेव्हा तुझ्या बाई तुला पुन्हा ऐकू येत असतील, आणि त्या काय म्हणतात ते तुला आवडत नसेल. फार उत्तम.

त्यांनी मला पत्र लिहून माझी चूक काढली. चूक निर्विवाद आहे. तो कागद मी ज्या पाकिटात ठेवत असे त्यावर माझ्या हस्ताक्षरात 'राजीनामा' असे लिहिले होते. पाकीट आता रिकामे आहे, तरीही तो शब्द मी खोडला. त्यांना दोन ओळींचे उत्तर लिहिले. 'दुरुस्ती मान्य. कागद योग्य हाती पडला.' याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही आढळले नाही.

आता तुला एक सांगतो. उद्या तू प्रमुख होशील. लोक तुझ्या विनोदांना हसू लागतील. तुझे विनोद तेवढे चांगले नाहीत, हे लक्षात ठेव. मग कधीतरी तुझाही हात, किंवा डोळा, किंवा स्मरण, तुझे ऐकेनासे होईल. ते सर्वांना दिसेल आणि सर्व जण यंत्रांकडे पाहत राहतील. तुझ्या बाईंना तू होतीस, तीही उशिरा. तुला कोण असेल? तुझ्या हाताखाली येणाऱ्यांपैकी जो तुला उलट उत्तर देतो, त्याला दूर करू नकोस. त्याला जवळ ठेव. तुला लागेल तो.

माझ्याकडून तुला भेट हवी असेल तर यापुढे स्वतःसाठी माग. कारण लिहायला विसरू नकोस.

तुझा,
मामा

ता. क. (मामीच्या हातचा): ठके, उपदेश वाचलास? आता पुढचं ऐक. हे गेलं वर्षभर वर्तमानपत्र खिडकीत धरून वाचतात आणि छपाई बिघडली म्हणून संपादकांना खरमरीत पत्रं लिहितात. तुझ्या बाईंचं पत्र आलं त्या दिवशी मी ह्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नवा चष्मा आला. छपाई एकदम सुधारली आहे.